ठराव क्रमांक एकोणीस

मार्चच्या सभेला एकतीस माणसं आली.
केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या या काउंटीत
एवढी माणसं फक्त पूर ओसरल्यावर जमतात.
इतिवृत्त लिहायला मी होते, नेहमीसारखी,
कोपऱ्यातल्या हीटरपाशी पाय शेकत.

सदर कुत्रे, असं मी लिहिलं,
दिवसाकाठी दहा तासांहून अधिक काळ
बांधून ठेवता येणार नाहीत.
साखळी किमान पंधरा फूट.
साखळीचं वजन कुत्र्याच्या वजनाच्या
दहाव्या हिश्शाहून कमी.
पाणी, न कलंडणाऱ्या भांड्यात.
निवाऱ्याला तीन भिंती आणि छप्पर.
(इथे ऑर्बिन नेपियर मागून ओरडला,
"माझ्या घराला तरी आहेत का?"
हशा. हशा इतिवृत्तात घेत नाहीत.)

तीन विरुद्ध दोन. ठराव मंजूर.

मे महिन्यापासून ट्रेसा फुगेट
एक फीत आणि मासे तोलायचा काटा घेऊन
दऱ्याखोऱ्यांतून हिंडू लागली.
प्रत्येक अंगणात आधी खुंटा हलवून बघायची;
हलवून हलवून आपण तो बळकटच करतोय,
असं तिलाच एकदा वाटलं.
कुणी साखळीला साखळी जोडून पंधरा फूट भरायचा,
मग वजन जास्त व्हायचं.
कुणी म्हणायचा, हा कुत्रा माझा नाहीच,
आणि कुत्रा त्याच्याच बुटावर हनुवटी टेकून.

व्हर्डी स्टिडमचं घर रस्त्याला खेटून.
साखळी नऊ फूट. कुत्र्याचं नाव डेप्युटी.
वय, मालकिणीच्या म्हणण्यानुसार, "माझ्याहून कमी".
"पंधरा फूट म्हणजे," ती म्हणाली,
"पांढऱ्या रेघेच्या पलीकडे दोन पावलं.
साखळी मोजलीस ना, आता रस्ताही मोज."
ट्रेसानं मोजला.
कोळशाचा ट्रक गेला, फीत हातात फडफडली.
आधीचा कुत्रा तिथेच गेला होता,
बिनसाखळीचा.

तरी दंड झाला. पन्नास डॉलर.
ट्रेसा काम चोख करते, त्यात वाद नाही.
व्हर्डीनं ते माझ्या खिडकीत आणून दिले,
घड्या मोडून सपाट केलेल्या नोटा, वर थोडी नाणी.
मी पावती फाडली.
पावतीवर "कारण" या रकान्याला
दीड इंच जागा आहे.

वर टेकडीवर दंतवैद्य विन्फील्डचं गॅरेज.
आत एक मोठं, पांढरंशुभ्र कुत्रं,
सकाळी सातपासून.
साखळी नाही. मग काय मोजणार?
ट्रेसा शटरपाशी थांबते, ऐकते,
परत गाडीत बसते.
त्या आवाजासाठी दोन रात्री मी कलम शोधलं.
तीन विरुद्ध दोनमध्ये ते कुणाला सुचलंच नव्हतं,
मलाही नाही, आणि मसुदा माझ्या हातचा.

जूनमधल्या एका शनिवारी ट्रेसा आली
गणवेशाविना, जाळीची तीन भेंडोळी घेऊन.
खांब ऑर्बिननं पुरले,
ठरावाला, ट्रेसाला आणि खालच्या खडकाला
एकाच दमात शिव्या देत.
फाटकाची कडी आणायची राहिली,
म्हणून तीच नऊ फुटी साखळी
दोनदा गुंडाळून अडकवली.
मी सँडविच नेले होते, एवढाच माझा हातभार.

डेप्युटी सुटला.
एक चक्कर मारली, खांब हुंगले,
नव्या प्रत्येक खांबावर पाय वर केला
आणि जाऊन बसला जुन्या खुंट्यापाशी.

मला भरून आलं.
किती ही सवय, मी म्हणाले,
बिचाऱ्याचा जन्म गेला त्या गोलात.
व्हर्डीनं माझ्याकडे पाहिलं,
चुकीच्या फॉर्मवर सही करणाऱ्याकडे मी पाहते तसं.
"सवय कसली," ती म्हणाली,
"दुपारी दोनला अक्रोडाची सावली तिथेच येते.
म्हणून तर खुंटा तिथे ठोकला होता."

वर टेकडीवर ते दुसरं भुंकलं.
डेप्युटीनं एक कान उचलला.
आम्ही सँडविच संपवले.