एकशे सत्तावीस वाव

जनगणनेचा कारकून जीपमधून उतरला,
टोपीतली वाळू झटकली, विचारलं :
तुमची जमात किती जुनी?
मावशी तिझ्वा तेव्हा विहिरीत दोर सोडत होती.
मान न वळवता म्हणाली, एकशे सत्तावीस वाव.
पुरलेले धरून.

त्यानं लिहिलं, माहिती उपलब्ध नाही.

आम्ही तेझ्मार. तेन्हारच्या अख्ख्या वाळवंटात
आमच्या मालकीची वस्तू एकच, इम्सेर विहिरीचा दोर.
पाणी दर पिढीला थोडं खाली सरकतं,
दर पिढीला आम्ही दोर वरून वाढवत नेतो.
दोन्ही हात पसरले की एक वाव.
नवरी सोनं आणत नाही, वावभर दोर आणते
स्वतःच्या मांडीवर वळलेला. पीळ सैल असला
तर सासू काही बोलत नाही,
नुसता अंगठा फिरवते, पुन्हा पुन्हा.

डोळे मिटून वाचायचा असतो तो.
हे उंटाचे केस, सुकाळातले, मऊ.
हे बोकडाचे, तळहात सोलणारे : टोळधाडीचं साल.
आणि इथं, या तीन वावांवर, हात आपोआप हळू होतो.
बायकांचे केस आहेत.
त्या वर्षी एक जनावर उरलं नव्हतं,
बेचाळीसजणी तंबूमागे ओळीनं बसल्या होत्या.
सगळ्यात धाकटी रझूत, नऊ वर्षांची.
ती हसली होती म्हणे, मान हलकी झाली म्हणून.
पुढे लाल सूत, मेलेल्या शिपायांच्या कमरपट्ट्यांचं.
कुठल्या बादशहाचे शिपाई, कोणी लक्षात ठेवलं नाही.
सूत चांगलं होतं.
मग निळं नायलॉन, मदतीच्या ट्रकवरून सोडवून घेतलेलं.
त्यावर हात घसरतो, तिथं मावशी एक शिवी हासडते.
ती शिवी आता वाचनातच धरतात.

आणि सुरुवात?
जुनं टोक खाली, पोहऱ्याशी, कायमचं ओलं.
कुजतं ते. दर काही वर्षांनी हातभर कापून
वाळूत पुरावं लागतं, रात्री, न रडता.
आमचा आरंभ असा पाण्यानंच खाल्लेला.
कोणी म्हणतं, आम्ही समुद्राकडून आलो.
कोणी म्हणतं, तुरुंग फोडून पळालेले चोर आपण.
म्हातारा अघ्रीस सांगायचा, विहीर आधी होती,
तिला करमेना, म्हणून तिनं तहान पाठवली
आणि तहानेमागून आम्ही.
तिघांनाही चहा सारखाच मिळतो.

मग बोअरिंग आलं. कळ दाबली की पाणी,
डिझेलचा वास असलेलं.
दोर राजधानीत नेला, रीतसर पावती देऊन.
पावती मावशीनं उशीत शिवली.

तीन वर्षांनी आम्ही गेलो, दोन दिवसांची बस.
संग्रहालयात काचेआड वेटोळं घालून पडला होता,
झोपलेल्या कुत्र्यासारखा.
खाली पाटी : दोर. मिश्र धागे. काळ अज्ञात.
मावशीनं काचेवर बोटं फिरवली.
बोटांना काही लागेना.
पहारेकऱ्याला विचारलं, याला पाणी कोण पाजतं?
तो हसला. अहो, पाणी लागलं तर कुजेल.
मग?
मावशी त्याच्याकडे बघत राहिली.
मग?

परतीच्या बसमध्ये तिनं ओढणी सोडली,
फणीत अडकलेले पांढरे केस काढले,
शेजारच्या बाईकडून सुताचा तुकडा मागून घेतला
आणि मांडीवर वळायला लागली.
खड्ड्यांमुळे पीळ नीट बसत नव्हता.
मी बघत होते, कुणाची तरी सासू असल्यासारखी.
वीतभर झाला, तेव्हा तिला झोप लागली.
एक टोक माझ्या हातात होतं.
कुठलं, ते विचारायचं राहिलं.