बिलबुकाची मागची बाजू

पहाटे साडेचारला (थंडीत साडेपाचला;
त्यांची घड्याळं सरकतात, माझी झोप सरकते)
अक्कलकोट रोडवर कॉम्प्रेसर धापा टाकत असतो
आणि मी मिठाच्या टाकीशेजारी स्टुलावर बसून
कॅनडातला बर्फ बघत असतो.
तिथं कालची संध्याकाळ अजून उरलेली.
मोबाईल प्रेशरच्या काट्याखाली उभा,
आवाज बंद. इथं तसंही काही ऐकू येत नाही.

सावेली ग्रुझ्देव. वय अठरा, डावखुरा.
गाव रशियातलं, कारखान्यांचं; नाव माझ्या जिभेवर ठरत नाही.
त्याच्या लहानपणच्या एका फोटोत मागं चिमणी दिसते,
आपल्या जुन्या मिलच्या चिमणीएवढी.
तिच्यातून मात्र धूर निघतो.

तिसऱ्या फेरीत एका मोठ्या क्लबानं नाव घेतलं त्याचं
आणि धाकट्या लीगमध्ये ठेवून दिला,
आढीत आंबा ठेवतात तसा.
अधूनमधून कुणीतरी येऊन दाबून बघतं.

दिवाळीपर्यंत बाकावरच होता.
कोच फळीवर रेघोट्या मारून सांगायचा
आणि हा मान हलवायचा.
काही कळलेलं नसताना हलवतात, ती मान.
मला दुरूनही ओळखू येते.

बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवतो:
किती मिनिटं खेळला, किती वेळा पडला,
पडल्यावर कुणाकडं बघितलं.
गोल तर कुणीही मोजतं.
डिसेंबरात एकदा लिहिलंय, आज पास दिला. स्वतःहून.
त्याच पानाच्या पुढच्या बाजूला:
मासळी बाजार बारा लाद्या, रसवंती सहा, उधार.

लादी घाईनं गोठवली की पोटात पांढरी राहते,
आकडा लागला की तिथूनच तडकते.
काचेसारखी हवी तर पाणी हलतं ठेवावं लागतं
रात्रभर, हवा सोडून.
त्याच्या कोचला हे कुणी सांगितलंय का?

इस्माईल हुंडेकरी टेम्पो मागं घेता घेता विचारतो,
"नरसय्या, पोरगा काय म्हणतो तुझा?"
पहिल्यांदा खरं सांगणार होतो.
आता म्हणतो, खांदा दुखतोय जरा.

खरंच दुखत होता.
गड्ड्याच्या दिवसांत, अख्खं शहर होम मैदानावर असताना
यादीतून त्याचं नाव गेलं.
एकोणीस दिवस.
त्याच्याशिवायच्या सात मॅच बघितल्या मी,
प्रेक्षकांत कुठं बसलाय का, म्हणून.

मला कुणी असं शोधलं नव्हतं.
पंधराव्या वर्षी हॉकीच्या वसतिगृहासाठी पुण्याला निवड झाली माझी.
घरी तेलुगू, गल्लीत सोलापुरी,
आणि तिथले सर भलतंच सरळ बोलायचे.
अकराव्या दिवशी एसटीनं परत आलो.
नायना काही बोलले नाहीत,
दुसऱ्या दिवशी मागावर बसवलं.
स्टिक बरीच वर्षं कांड्यांच्या टोपलीत होती.
पुढं तिनं जळमटं काढायचो.

मार्चात ऊन चाळिशीला भिडलं,
गोणपाटात गुंडाळेपर्यंत लाद्या घाम गाळू लागल्या,
आणि तो परत आला.
गोल नाही केला.
समोरचा एकटाच चकती घेऊन सुटला होता;
सावेली पार दुसऱ्या टोकाकडून निघाला, वाकून,
आणि अगदी शेवटी त्याच्या काठीखाली आपली काठी घालून
अलगद उचलली.
चकती एकटीच पुढं गेली.
टाळ्याही पडल्या नसतील फारशा.

मग बाकावर येऊन बसला. कोच वाकून काहीतरी बोलला.
ह्यानं मान हलवली नाही.
हेल्मेट वर सारून काहीतरी विचारलं,
परत विचारलं, बोटानं दाखवून.
कोचनं फळी पुन्हा हातात घेतली.

बाहेर इस्माईल हॉर्न वाजवत राहिला.
चाळीस लाद्या होत्या मोजायच्या.
ओल्या बोटांतून पेन सटकत होतं;
बिलबुकाच्या कुठल्या बाजूला लिहितोय,
बघितलं नाही.