काठापासून बोटभर खाली

आण्णा चहा ओतताना कपात बोट धरतात.
पेरं भिजलं की थांबायचं.
त्या बोटाची कातडी चपलेच्या पट्ट्यासारखी झालीय,
भाजलं तरी बोलत नाहीत.

मुजावरांच्या दुकानातून आणले
काचेसारखा एक डायोड, एक काळा,
आठ पायांचा आयसी, प्रीसेट, बझर.
मुजावर म्हणाले, "काळा उलटा जोड बरं का,
सुलटा लावलास तर आंधळा."
आणि जीभ चावली.

सोमवार. उद्यमनगर बंद, लेथ गप्प,
मलाही कॉइल गुंडाळायला सुट्टी.
ओट्यावर ब्रेडबोर्ड मांडला.
"लागला का दिवा?"
लागला असेल, म्हटलं, मलाही दिसत नाही.
"म्हंजे आज आपण दोघं सारखंच की गं, शालन."

मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिला:
जांभळट ठिपका, पिकल्या करवंदाच्या गरासारखा.
त्यांना सांगितलं.
सांगून दिसतं का, ठाऊक नाही.

पाणी ओतलं. कप भरला, सांडला,
बझर गप्पच.
उजेड पाण्यातून आरपार गेला,
जणू तिथं कुणी नव्हतंच.
मग दूध, गंगावेशीतलं, दाट.
चीं.
"पाण्याला वळखत न्हाई व्हय ह्यो?
कोल्हापूरचाच दिसतोय."

खिडकीतून ऊन सरकत आलं
आणि रिकामा कपसुद्धा बोंबलायला लागला.
काळ्याभोवती चिकटपट्टीची नळी केली,
प्रीसेट केसभर फिरवला, पुन्हा केसभर मागं.
समजावत राहिले: उन्हात असतं हे,
तव्यात, निखाऱ्यात,
तांबड्याच्या अलीकडं, डोळ्याला न सापडणारं.

"मला नगं सांगू," म्हणाले.
"एकोणतीस वर्सं तोंडावर घेतलंय."
लोखंड किती तापलंय ते
डोळ्यांआधी गालाला कळायचं.
लॅडल वाकवायची, साचा पीत जायचा,
रायझरच्या तोंडाशी लाल टिकली उगवली
की पिराजी ओरडायचा, "बास!"
"त्यो माझा बझर हुता."
पिराजी कुठं असतो आता, मी विचारलं नाही.

चहा त्यांनीच ओतला.
अर्ध्यावरच चीं.
वाकून बघते तर बोट आत,
बझर बोटालाच चहा समजला.
"सवय गं," म्हणाले,
आणि अर्धाच कप पिऊन टाकला.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली.
चीं. मग काहीच नाही. मग चीं.
ओट्यापाशी आण्णा. कप नव्हताच.
नुसता तळवा सर्किटपुढं धरून
जवळ, लांब, जवळ,
भट्टीचं झापड उघडण्याआधी
अंदाज घ्यावा तसा.

मी दारातच थांबले, दिवा लावला नाही.
"ही बॅटरी," न वळता त्यांनी विचारलं,
"किती दिस जाती गं?"