जिभांचा हिशेब

शाळा दोनला सुटते. सव्वादोनला
सोल्वेई आणि धाकटा ऑडून
मासळीच्या शेडमध्ये, माझ्या काट्यासमोर.
कोपरापर्यंत रबरी हातमोजे, नाकाचे शेंडे लाल.

कॉडची मुंडकी टबात ओतलेली.
ती एकेक उचलते, खिळ्यावर रोवते,
सुरीचा एकच फेर,
जीभ बादलीत, मुंडकं पलीकडे वाळवणाला.
मुंडकी कारखान्याची, जिभा पोरांच्या.
माझ्या आजोबांच्याही आधीचा करार,
कागदावर कुठेच नाही.

पहिल्या आठवड्याला चारशे क्रोनर आले.
ऑडूनने तीनदा मोजले, चौथ्यांदा मला मोजायला लावले.
मग सोल्वेईने वही उघडली:
सुरी एकशे साठ. हातमोजे नव्वद.
पिशव्या चाळीस.
उरले एकशे दहा.
"बाकीचे कुठे गेले?" तो रडकुंडीला.
"गेले नाहीत. ते आपले नव्हतेच."

अकरा वर्षांच्या पोरीचं हे वाक्य
मी पावतीच्या मागे लिहून ठेवलंय.

मार्चमध्ये फेरीबोटीतून हॉटेलवाला उतरला.
गोड बोलला. जिभेला हाड नसतं.
"सगळा माल घेतो, किलोला एकशे चाळीस."
"शुक्रवारचे दोन किलो सोडून," सोल्वेई म्हणाली.
"ते बोर्गहिल्डबाईंचे."
"त्या काय देतात?"
"ऐंशी."
तो हसला. शेडमधले दोघे-तिघेही हसले.
ऑडून बहिणीच्या कानाशी: "एकशे वीसचा तोटा!"
"कळतंय. हंगामाचा शब्द दिलाय."
मग सुरी पुसत, जरा थांबून,
"पुढच्या वर्षी शंभर. आजच सांगून ठेवते त्यांना."

सांगितलंही. म्हातारी नव्वदवर अडून बसली,
वर मुरंब्याची एक बरणी.
बरणी वहीत कुठल्या रकान्यात लिहायची
यावर भावंडांचं अजून भांडण चालू आहे.

मी त्यांच्या वयाचा होतो तेव्हा
जिभा काट्यावर ठेवताना
बादलीत बोटभर पाणी राहू द्यायचो.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
त्या पाण्यावर मी एक सायकल घेतली.

सोल्वेई बादली दोनदा निथळते.
वाकडी करून धरते, शेवटचा थेंब पडेपर्यंत,
आणि काट्याकडे नाही,
माझ्याकडे बघते.

सहा किलो चारशे,
मी मोठ्याने वाचतो.