पाच फुटांवरचं सॉकेट

मरीमाताच्या खांचात, दुपारी तीनला,
जुझरभाईनं काचेवर एक फोन ठेवला.
"एकदम चोख्खो पीस, बेन," म्हणाला,
आणि पंखा एकानं वाढवला.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत असते.
बावीस वर्षं परीक्षानळ्या धुते,
कुणी काय ओतलं होतं
ते तळाच्या डागावरून सांगते.
चोख्खो राहू द्या. मला पिन द्या.

पिनेनं सिमचा कप्पा बाहेर आला.
आत टॉर्च मारला.
तांदळाच्या कणीएवढा कागद असतो तिथे,
पांढरा म्हणजे कोरडा,
गुलाबी म्हणजे बुडून आलेला.
आमच्या लिटमससारखाच.
फक्त लिटमस आम्लारीत बुडवला की पुन्हा निळा होतो,
ह्याला एकदा कळलं ते कळलं.

पांढरा होता.
"नवा चिकटवताही येतो," मी म्हटलं.
तो हसला. "पाच रुपयाला पट्टी मिळते.
तुमच्यापुढे खोटं काय बोलायचं."

मग कॅमेऱ्याची काच ट्यूबलाइटपुढे तिरकी धरली.
मग चार्जिंगच्या भोकात डोकावले,
तांब्याला येतं तसं हिरवं कुठे आहे का.
मग नुसता पांढरा पडदा,
त्यावर बोट फिरवत गेले कडेकडेनं,
आणि माझा आवाज भरून ऐकला:
ऋता, फोन अभ्यासाला आहे.
ऋता, फोन अभ्यासाला आहे.
शेवटचं 'आहे' जरा मडक्यातून आलं.
की माझाच आवाज तसा आहे?

"राहता कुठे, बेन?"
"कारेलीबाग. तळमजला."

पुढे तो काही बोलेना.
विश्वामित्री आमच्याकडे किती चढली होती
हे ह्या गावात कुणाला विचारावं लागत नाही.
कपड्यानं उगीच काच पुसत म्हणाला,
"त्या साली निम्मा माल तुमच्याच बाजूनं आला.
हा कुठला, मला ठाऊक नाही.
हो म्हणत नाही. ना पण म्हणत नाही."

साडेसहा सांगितले होते, पाच दोनशेला दिला.

संध्याकाळी आमचं घर बघायला माणसं आली.
रमणिकभाई आणि त्यांची सून.
हेरंबनं चार फुटांपर्यंत गिलावा खरवडून काढला होता,
पुट्टीचे दोन हात, वर बदामी रंग.
सुनेनं भिंतीवर तळवा ठेवला,
जरा दाबला, आणि हसून म्हणाली, छान गार आहे.

रमणिकभाई भिंतीकडे बघतच नव्हते.
चष्मा कपाळावर सारून
ते प्रत्येक खोलीत फक्त बटणं बघत होते.
"सॉकेट एवढे उंच का घेतले?"

"मुलगी लहान होती ना," हेरंब म्हणाला.
ऋता सतरा वर्षांची.
दारात उभी राहून नखं बघत होती.

मी पाणी आणायला आत गेले.
दोन पेले भरले. एक पुन्हा ओतून दिला,
पुन्हा भरला.
त्या रात्री आम्ही गॅसच्या ओट्यावर बसलो होतो,
फ्रिज तरंगत दारापाशी आला
आणि कुणी पाहुणा यावा तसा दोनदा धडकला.
हे कुठे लिहिलंय आता ह्या घरात?
कुठल्या कप्प्यात?

ट्रे पुढे केला.
"चार फूट आलं होतं," मी म्हटलं,
"खिडकीच्या ह्या कडीपर्यंत.
तीन दिवस."
हेरंब माझ्याकडे बघायचा थांबला.
रमणिकभाईंनी पेला घेतला, वरून ओतत
सगळा संपवला, आणि म्हणाले,
"आमच्या दुकानात साडेपाच."

विचारून कळवतो म्हणाले. कळवतील, न कळवतील.

रात्री ऋता झोपल्यावर
नवा जुना फोन चार्जिंगला लावला.
सॉकेट पाच फुटांवर, वायर अपुरी,
खाली ठेवायला काही नाही.
म्हणून भिंतीशी उभी राहिले,
पाठीला तळवा लावून,
तापतोय का बघत.