सात सोळांश

ऑक्टोबरातला रविवार, सकाळचे सात.
लीक गावाबाहेरच्या कुरणात, मेंढ्या हाकलून केलेल्या जागेत
माणसं मोटारींच्या डिक्या उघडून बसली आहेत.
ताडपत्रीवर पाने:
झाडांचीही, पोलादाचीही.
मी उकिडवी बसून पोलादाची चाळते आहे.

गाडी चौसष्ट सालची. फायबरची, फिकट निळी,
मागे दोन चाकं, पुढे एकच, नाकासारखं.
शेजारच्या मिस बॅगनॉल वृद्धाश्रमात जाताना
किल्ली माझ्या दाराच्या फटीतून आत टाकून गेल्या.
चिठ्ठी नाही.
गावाचं नाव लीक, आणि गाडीनं ते मनावर घेतलेलं:
गॅरेजच्या फरशीवर रोज नवा काळा डाग.
भाऊ म्हणाला, तीन तिघाडा.
पुढचं बोलायला मी त्याला थांबू दिलं नाही.

पानेवाले मिस्टर गोल्डस्ट्रॉ विचारतात, कुठली गाडी?
सांगते.
हसत नाहीत. पहिलेच.

माझ्या हातातला ॲडजस्टेबल काढून घेतात:
"हा सगळ्यांना होतो, म्हणजे कुणालाच होत नाही."
तेरा मिलिमीटरचा उचलते, तर:
"अर्ध्या इंचावर बसतो. बसल्यासारखं करतो.
जोर लाव, नटाचे कोपरे खाऊन
गोटी देईल हातात."
मग मला व्हिटवर्थचे दिसतात, जाडजूड, काळे,
ओळीनं, घरातल्या मोठ्या माणसांसारखे.
"यांच्यावरचा आकडा तोंडाचा नव्हे, बोल्टच्या कमरेचा.
तुझ्या गाडीहून जुन्या गाड्यांचे.
देखणे आहेत ना? ठेव खाली."

ठेवते. जिवावर येतं.

घेतलं ते असं:
इंचांच्या रिंग पान्यांचा संच, एक कमी;
फीलर गेज, पाती तेलानं एकमेकींना धरून बसलेली;
ग्रीस गन, कारण पुढचं एकटं चाक
मागितल्याशिवाय राहत नाही;
टॉर्क रेंच, कारण इंजिन ॲल्युमिनियमचं,
"आणि प्लग आवळताना
आठवड्याचा राग आत जायला नको."
लोहचुंबकी ताटली मी हौसेनं मागितली.
"चिकटवशील कशाला? बॉनेटला?"
फायबर. खरंच की.

कमी होता तो सात सोळांश.
बिस्किटांच्या डब्यात तळाशी सापडला,
मानेत वाकलेला,
वाकल्या जागी निळसर जांभळा, जुन्या मुक्या मारासारखा.
"खराब आहे," म्हणाले. "राहू दे, पैसे नको."

मंगळवारी रात्री, डायनामोचा खालचा नट.
टॉर्च दातात, गाल थंड फरशीला.
सरळ पाने सगळे एकेक करून नेले:
चेसिसला आपटतात, पाव वळसाही नाही.
बोटाचं सालपट गेलं. मी गाडीला नको ते बोलले,
तिच्या कारखान्याला, भावाला,
सरतेशेवटी अंगणालाही.

मग सहज, उगाच, वाकडा.

बुटक्या दारातून उंच माणूस
सवयीनं मान घालून आत येतो
तसा गेला.
बसला.
नट कुरकुरला, आणि फिरला.

तशीच पडून राहिले थोडा वेळ.
खराब नव्हता. कुणीतरी तापवला होता, लाल होईपर्यंत,
ह्याच नटासाठी, ह्याच फरशीसारख्या फरशीवरून उठून,
ह्याच शिव्या देऊन.

शनिवारी मिस बॅगनॉलना दाखवायला नेला.
रुमालातून काढला, त्यांच्या तळहातावर ठेवला.
"डायनामो," म्हणाल्या. "खालचा."
तुमचाच का, विचारलं.
"छे. माझा मी रागानं कालव्यात फेकला,
सत्त्याहत्तर साली."

चष्मा लावला. खिडकीकडे धरून कोन पाहिला.
"ह्यानं जरा जास्तच वाकवलाय," म्हणाल्या,
आणि चहा आला, आणि गेला,
भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली,
तरी परत देईनात.