मधात किती डाव

उपकेंद्राच्या टेबलावर, लाईट गेल्यावर,
मोबाईलच्या उजेडात वहीत मी लिहिलं :
लोहाच्या गोळ्यांचा उपयोग होतो का?

अनसूया सिस्टरनं चष्मा कपाळावर सरकवला.
"कोनाले, मॅडम?
अन् कोनत्या गोळ्यायचा? बायकायच्या पोटात गेल्या त्या,
का कोंबड्यायनं टिपल्या त्या?"

खोडलं.
'कोणाला'च्या जागी आल्या
टेकडीमागच्या पोडावरच्या,
पाचवा महिना लागलेल्या अकरा जणी.
बाकी सगळं जग मला कंसाबाहेर ठेवावं लागलं,
आणि ते जड गेलं.

मग गोळी.
सकाळी कोऱ्या चहासोबत गिळलेली,
की रात्री भाकरीनंतर, लिंबाच्या फोडीसोबत?
मी एकच लिहिणार होते.
सिस्टर म्हणाल्या, "एकटी गोळी कोनाशी भांडन?
तिच्यासमोर दुसरं कोनी उभं करा,
नाहीतं ते रोजच जिंकते."

शेवटी, जरा ऐटीतच :
आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन किती वाढलं?

बाकावर जंगूबाई आत्राम बसली होती,
हाताला कापसाचा बोळा धरून.
कोणी विचारलं नव्हतं, तरी बोलली :
"थो आकडा तुमचा, बाई.
मी नाल्यातून गुंड भरून आनतो
तं मधात दोन डाव बसतो.
पयल्या पोरीच्या वक्ताले एकच डाव बसो.
तुमची गोळी खाल्ल्यावर
किती डाव बसाव लागन, थे लिवा ना."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे गेले.
पहिली जागा मोहाच्या बुंध्याशी,
दुसरी, चढ संपायच्या जरा आधी,
एक चपटा दगड,
बसून बसून गुळगुळीत झालेला.
किती जणींनी, किती महिन्यांच्या पोटांनी,
ते कुठल्याच रजिस्टरात नाही.
रिकाम्या हातानं आलेली मीसुद्धा
तिथं टेकलेच.

महिन्याभरानं जिल्ह्याहून प्रस्ताव परत आला.
'परिणाम मोजण्याचे एकक' या रकान्यात
हिमोग्लोबिनच्या खाली मी लिहिलं होतं : डाव.
त्याभोवती लाल गोल,
आणि समासात दोन शब्द :
स्पष्ट करा.

वही पुन्हा उघडली आहे.
सिस्टर कंदिलाची काच पुसताहेत.
मी लिहिते आहे :
नाल्यापासून जंगूबाईच्या दारापर्यंत,
भरल्या गुंडासह,